लंबकाचं घड्याळ घरात असेल तर

गेल्या महिन्याभरात आमच्याकडे घड्याळाबद्दल चार-पाच फोन आले. एकीच्या सासरी जुनं लंबकाचं घड्याळ आहे, ते कित्येक वर्षं बंद आहे, ते ठेवावं की देऊन टाकावं? दुसऱ्या एका गटाला बैठकीच्या खोलीसाठी घड्याळ घ्यायचं आहे, लंबकाचं घ्यावं का साधं? आणि एका ताईंचं घड्याळ चालतं, टोलेही देतं, पण रोज दहा मिनिटं मागं पडतं. म्हणून आज सगळा वेळ घड्याळालाच द्यायचं ठरवलं.

आता कुणी म्हणेल, हातात मोबाइल असताना भिंतीवरच्या घड्याळाचं एवढं काय? पण आपल्या घरातला मोबाइल दिवसभर कुठं असतो ते जरा आठवून बघा. एक धन्याच्या खिशात, तो शेतावर किंवा कारखान्यावर. दुसरा मुलाकडं, तो कॉलेजला. घरात राहते ती सून, सासू आणि लहान पोर. नळाला पाणी कधी येणार, एसटी कधी, अंगणवाडी कधी सुटणार, सासऱ्यांची गोळी कधी द्यायची, हे सगळं घड्याळावर चालतं आणि घड्याळ मात्र घराबाहेर गेलेलं असतं. भिंतीवरचं घड्याळ घर सोडून जात नाही. ते कुणाच्या मालकीचं नसतं, जी बघेल तिचं असतं.

बाळंतपणाचंच घ्या. कळा सुरू झाल्या की पहिली गोष्ट काय बघायची? एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली, आणि एक कळ किती वेळ टिकली. आशाताई हेच विचारतात, दवाखान्यातही हेच विचारतात. त्या वेळी अंदाज कामाचा नसतो, काटे बघूनच सांगावं लागतं. मोजत बसायचं म्हणून निघायला उशीर मात्र करायचा नाही. वाडी लांब असेल, रस्ता खराब असेल तर कळा सुरू झाल्याबरोबर आशाताईंना कळवा आणि १०२ किंवा १०८ ला फोन करा. फोन लागेपर्यंत आणि गाडी येईपर्यंत घड्याळासमोर बसून वेळा लिहून ठेवा.

आपल्या भागात ही लंबकाची घड्याळं आली कशी हेही बघण्यासारखं आहे. पूर्वी वेळ मोजायची ती घटिकापात्रानं. लग्नात भटजी पाण्याच्या घंगाळात भोक असलेली वाटी सोडायचे, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. बाकी सगळा कारभार सूर्यावर आणि कोंबड्यावर. मग जावळी, पाटणची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, साताऱ्याकडची माणसं पलटणीत गेली, खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्याला, सोनं-चांदी गाळायला, पार मद्रास-कलकत्त्याकडं गेली. गावी परतताना कुणी शिलाई मशीन आणलं, कुणी पेटी आणली, आणि ज्याचं बरं चाललं होतं त्यानं टोल्यांचं घड्याळ आणलं. सोप्याच्या भिंतीवर ते लागलं की शेजारची चार घरं वेळ विचारायला यायची. तबकडीवरची नावं वाचलीत तर कुठं अन्सोनिया दिसेल, ते अमेरिकेचं. कुठं युंगहान्स, ते जर्मनीचं. कुठं सेइकोशा, ते जपानचं. अन्सोनियाचा अमेरिकेतला कारखाना १९२९ च्या सुमाराला बंद पडला आणि त्यातली यंत्रं रशियाला विकली गेली. म्हणजे भिंतीवर खरं अन्सोनिया असेल तर त्याचं वय शंभराच्या घरात आहे असं समजा.

अशाच एका घड्याळाची गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या काकू आहेत, खानापूर तालुक्यातल्या. त्यांचे सासरे गलाईवाले. दिरांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रान, विहिरीची पाळी, भांडी सगळं वाटून झालं आणि शेवटी हे घड्याळ उरलं. ते कुणालाच नको होतं, म्हणून काकूंकडं आलं. नऊ वर्षं बंद होतं. एक दिवस मोटारसायकलवरून जुन्या वस्तू घेणारा माणूस आला. म्हणाला, बंद घड्याळ घरात ठेवू नये, लक्ष्मी थांबते. हे घ्या तीनशे रुपये आणि वर हे नवं सेलचं घड्याळ. काकू म्हणाल्या, पोरगा आल्यावर सांगते. माणूस म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक नेमकी काकूंच्याच सोप्यात होती. माणूस आला तेव्हा आम्ही बारा-तेराजणी तिथं बसलेल्या. एकीनं सहज विचारलं, तीनशेचं भंगार घ्यायला दुसऱ्यांदा पेट्रोल जाळून आलात का? माणूस आकडा वाढवत वाढवत दोन हजारांवर गेला. तिथंच सगळ्यांच्या लक्षात आलं.

तो गेल्यावर घड्याळाचं दार उघडून बघितलं. रंग द्यायच्या वेळी घड्याळ काढलं होतं, तेव्हा लंबक आकड्यातून सुटून पेटीच्या तळाशी पडला होता. तो अडकवला, किल्ली दिली, घड्याळ वीस मिनिटं चाललं आणि परत थांबलं. मग तालुक्याच्या घड्याळजींकडं नेलं. त्यांनी यंत्र खोललं, साफ केलं, तेल दिलं. खर्च झाला तो एका बऱ्या साडीएवढा. आता ते घड्याळ चालतंय.

विकणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. गरज पडली तर सोनंही मोडावं लागतं. पण आधी वस्तू काय आहे ते कळू द्या. तबकडीचा, आतल्या यंत्राचा, पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदाचा असे फोटो काढा. शहरातल्या दोन दुकानांत दाखवा. दारात आलेल्या माणसाला त्याच दिवशी वस्तू द्यायची नाही, एवढा एक नियम केला तरी पुरे. आणि बंद घड्याळ घरात ठेवू नये हे ज्यांना पटतं, त्यांनी ते चालू करावं. शास्त्र मोडत नाही आणि घड्याळही जात नाही.

नवं घ्यायचं असेल तर दुकानात लंबक हलताना दिसला एवढ्यावर भुलू नका. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांचा लंबक शोभेचा असतो. वेळ ठेवतो आत बसलेला क्वार्ट्झचा बारीक खडा. सेलच्या विजेवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यावरून काटे फिरतात. खालचा लंबक वेगळ्या लोहचुंबकावर हलत असतो. तो काढून टाकलात तरी वेळ बरोबरच राहते. हे काही फसवणुकीचं नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं. खरं बोलायचं तर वेळेच्या बाबतीत हे क्वार्ट्झचं घड्याळ जुन्या किल्लीच्या घड्याळापेक्षा सरस असतं. महिन्याला काही सेकंदांचाच फरक पडतो. गटाच्या खोलीसाठी, शाळेसाठी, अंगणवाडीसाठी आम्ही तेच सुचवू. लंबक नसला तरी चालेल, त्यापेक्षा आकडे मोठे आणि मराठी किंवा साधे असावेत, म्हाताऱ्या माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून दिसावेत. रोमन आकड्यांचा दिमाख आपल्या काय कामाचा?

या घड्याळांचा विषय निघालाच आहे तर गुजरातमधल्या मोरबीचं नाव घ्यायला हवं. भिंतीवरची घड्याळं करण्यात हे गाव देशात प्रसिद्ध. तिथं ओधवजी पटेल नावाचे शाळेत शिकवणारे गृहस्थ होते. त्यांनी १९७१ साली सोबत्यांबरोबर अजंता हा घड्याळांचा धंदा सुरू केला. पुढं त्यांच्या कारखान्यांत हजारो बायका कामाला लागल्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली बसनं कामावर यायच्या. तुमच्या भिंतीवर अजंता असेल तर त्याची चाकं बसवणारे हात बहुधा एखाद्या बाईचेच असतील.

सेलच्या घड्याळाची निगा फार नाही. सेल संपला की लगेच काढा. संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो, पत्र्या हिरव्या-पांढऱ्या होतात आणि चांगलं यंत्र वाया जातं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. संपलेला सेल चुलीत टाकू नका आणि पोरांच्या हाती देऊ नका. एवढंच.

आता खऱ्या लंबकाच्या, किल्लीच्या घड्याळाकडं वळू, कारण समजून घेण्यासारखं जे आहे ते तिथं आहे. लंबकाची गंमत अशी की, त्याला एकीकडून दुसरीकडं जायला किती वेळ लागणार हे त्याच्या वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतं. इटलीतल्या गॅलिलिओनं हे ओळखलं आणि हॉलंडमधल्या हायगेन्सनं १६५६ साली त्यावर घड्याळ बनवलं. घरी करून बघा. दोऱ्याला एक खडा बांधा. दोऱ्याच्या वरच्या टोकापासून खड्याच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर भरू द्या. खुंटीला टांगून थोडासाच हलवा. तो एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला जवळजवळ बरोबर एक सेकंद घेईल. दोरा चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास केला की अर्धा सेकंद. खडा बदलून मोठा घ्या, मध्यापर्यंतची लांबी तेवढीच ठेवा, वेळ तीच येईल. पोरांना घेऊन करा, सातवी-आठवीतल्या पोरांच्या हे कायमचं डोक्यात बसतं.

घड्याळ टांगताना पहिली काळजी भिंतीची. चुलीजवळ नको, फोडणीची वाफ आणि धूर तेलात मिसळून यंत्रावर चिकट थर बसतो. ऊन थेट पडेल तिथं नको, पेटीचं लाकूड तडकतं. धाडकन आपटणाऱ्या दाराशेजारीही नको. कुठल्या दिशेच्या भिंतीवर लावावं यावर लोक खूप बोलतात. आमचं म्हणणं, स्वयंपाक करणारीला मान वळवून दिसेल अशा भिंतीवर लावावं. खिळा भक्कम हवा. मातीच्या भिंतीत लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू बसवा, विटांच्या भिंतीला ड्रिल करून गिट्टी घाला. जुन्या घड्याळाचं वजन चार-पाच किलोही असू शकतं. पडलं तर घड्याळही जातं आणि खाली निजलेलं पोरही जखमी होतं.

मग कान लावायचा. घड्याळ सरळ आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. टिक आणि टॉक यांच्यामध्ये सारखं अंतर पाहिजे. टिक-टॉक, टिक-टॉक असं चाललं तर ठीक. टिकटॉक... टिकटॉक... असं लंगडत चाललं तर घड्याळ तिरकं आहे, आणि असं लंगडणारं घड्याळ थोड्या वेळानं थांबतं. घड्याळ वारंवार थांबतं अशी तक्रार घेऊन बायका येतात, त्यातली कितीतरी घड्याळं फक्त तिरकी टांगलेली असतात. पेटीचं खालचं टोक बोटभर डावीकडं सरकवा, ऐका. जास्त लंगडायला लागलं तर उजवीकडं. आवाज सारखा झाला की पेटीच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं खूण करा, म्हणजे झाडलोट करताना हललं तरी परत जागेवर आणता येईल. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर जवारी लावताना डोळे मिटून ऐकत बसतात, तसं ऐकायचं. गवंड्याचा ओळंबा लावून पेटी सरळ दिसली आणि आवाज मात्र लंगडा, असंही होतं. तेव्हा ओळंब्याचं नाही, कानाचं ऐका.

रोज दहा मिनिटं मागं पडणाऱ्या ताईंसाठी पुढचं आहे. लंबकाच्या गोल तबकडीखाली बारीक चाकी असते. ती फिरवली की गोळा वर-खाली होतो. गोळा वर गेला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढं जायला लागतं. गोळा खाली आला की मागं पडतं. किती फिरवायचं? पंचवीस सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक केला तर दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो. म्हणून थोडं थोडं फिरवा. दहा मिनिटं मागं पडत असेल तर गोळा तीन-साडेतीन मिलिमीटर वर न्यावा लागेल, पण एकदम नको. एका दिवशी एक फेरा द्या, चोवीस तास थांबा, रेडिओच्या वेळेशी ताडून बघा आणि वहीत लिहा. किती फिरवल्यावर किती मिनिटं हलली हे दोन-तीन दिवसांत तुमचं तुम्हालाच कळेल. चाकी फिरवताना लंबक हातानं धरा, नाहीतर तो ज्या बारीक पट्टीवर टांगलेला असतो ती पिळली जाते. ती पट्टी कागदाइतकी पातळ असते आणि एकदा मुरगळली की घड्याळ सरळ चालत नाही.

लंडनच्या त्या मोठ्या बिग बेनच्या घड्याळाची वेळ लंबकावर जुनी नाणी ठेवून जुळवतात. एक पेनी ठेवली की दिवसाला सेकंदाच्या दोन-पंचमांश एवढं घड्याळ पुढं जातं. आपण मात्र घरच्या लंबकावर नाणं चिकटवायला जाऊ नये, आपल्याकडं चाकी आहे.

एवढं करूनही उन्हाळ्यात घड्याळ मागं आणि थंडीत पुढं गेलं तर घाबरू नका. उष्णतेनं धातू लांबतो. पोलादी दांडीचा लंबक असेल तर दहा अंश उष्णता वाढली की दिवसाला पाचेक सेकंद मागं पडतं, पितळेची दांडी असेल तर आठेक सेकंद. म्हणजे महिन्याला अडीच ते चार मिनिटं. माण तालुक्यातला मे महिना आणि पौषातली थंडी यांत एवढा फरक येणारच. उंचीचाही थोडा परिणाम होतो. उंचावर पृथ्वीची ओढ किंचित कमी, म्हणून सांगलीत बरोबर लावलेलं घड्याळ महाबळेश्वरला नेलं तर दिवसाला काही सेकंद मागं पडेल. लेकीला आंदण म्हणून घड्याळ दिलंत तर तिकडं गेल्यावर ते नव्यानं जुळवायला सांगा.

किल्लीचं सांगतो. आठ दिवसांचं घड्याळ असेल तर आठवड्यातला एक वार ठरवा. गटाच्या बैठकीचा वार धरला तर विसर पडत नाही. टोल्यांच्या घड्याळाला बहुधा दोन भोकं असतात, उजवीकडचं चालीचं आणि डावीकडचं टोल्यांचं. दोन्हींना किल्ली द्या. फिरवायची दिशा प्रत्येक भोकाची वेगळी असू शकते, ज्या बाजूला कटकट आवाज करत सहज फिरेल ती बाजू बरोबर. किल्ली सावकाश फिरवा. सोडताना एकदम सोडू नका, आत ताणलेली स्प्रिंग किल्लीला फटका देते आणि बोटं फोडते. स्प्रिंग भरली की हाताला कळतं, तिथं थांबा. जास्त किल्ली दिली म्हणून घड्याळ बंद पडलं असं सगळे म्हणतात आणि खापर किल्ली देणाऱ्या सुनेवर फुटतं. खरी गोष्ट अशी की पूर्ण किल्ली देणं हे बरोबरच आहे. घड्याळ बंद पडतं ते आतलं तेल वाळून घट्ट झाल्यानं आणि धूळ बसल्यानं. ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर जरूर घाला.

काटे फिरवायचे ते मिनिटकाटा धरून आणि पुढच्याच बाजूला. टोल्यांच्या घड्याळात काटा उलटा फिरवला तर आतली रचना अडकते. पुढं नेतानाही प्रत्येक अर्ध्या तासाला आणि तासाला थांबा, टोले पूर्ण वाजू द्या, मग पुढं न्या. घड्याळ तासभर पुढं गेलं असेल तर सोपी युक्ती अशी की लंबक धरून घड्याळ तासभर बंद ठेवा आणि वेळ झाली की परत हलवून सोडा. कधी कधी काटे चार दाखवतात आणि टोले सात पडतात. जुन्या घड्याळांत हे नेहमीचं. अशा वेळी टोले मोजा आणि फक्त तासकाटा हलक्या हातानं सातवर फिरवून घ्या, तो नुसता दाबून बसवलेला असतो. मग मिनिटकाटा पुढं फिरवत, प्रत्येक टोल वाजू देत, खऱ्या वेळेवर आणा. टोल ठणठणीत न वाजता ठप्प वाजत असेल तर हातोडी तारेला टेकून राहिलेली असते. हातोडीची तार अगदी थोडी मागं वाकवली की ती मारून मागं येते आणि आवाज मोकळा होतो. वाईजवळ मेणवलीला जी मोठी घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, तिचंही तेच आहे. ठोका मारून लगेच बाजूला झालं पाहिजे, टेकून राहिलं तर घंटा बोलत नाही.

तेलाबद्दल आम्ही जरा कडकच बोलणार आहोत. खोबरेल, शेंगतेल, एरंडेल, यातलं काहीही घड्याळात घालायचं नाही. खाण्याचं तेल वर्षभरात गोंदासारखं होतं. काही घरी पेटीच्या तळाशी रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस ठेवतात. त्यानं तेल बदलत नाही, साफसफाईही होत नाही, आणि देव्हारा जवळ असेल तर आगीला आमंत्रण. घड्याळाचं वेगळं तेल मिळतं. तेही चाकांच्या दात्यांना लावायचं नसतं, आसाची टोकं पत्र्याच्या भोकांत फिरतात तिथंच सुईच्या टोकानं थेंब द्यायचा. तीन-चार वर्षांतून एकदा घड्याळजींकडून हे करून घ्यावं. यंत्र स्वतः खोलायचं धाडस मात्र कुणी करू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात फाटतो. एकतीस दिवसांच्या घड्याळाची स्प्रिंग तर फारच जोरदार असते.

आपलं काम पेटीचं. जुन्या सुती लुगड्याचं मऊ, कोरडं फडकं घ्या. काचेला पाणी लागलं तरी चालेल, तबकडीला नाही. कागदाच्या तबकडीवरचे आकडे ओल्या फडक्यानं पुसून गेलेले आम्ही पाहिलेत. पाठीमागची बाजू भिंतीला टेकलेली असते, तिथं वाळवी आली का ते पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बघा. किल्लीच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते. पेटीत पाल शिरते, अंडी घालते. एका घरातलं घड्याळ रोज रात्री थांबायचं आणि सकाळी हात लावला की चालायचं. घरच्यांनी देवर्षी गाठायचं ठरवलं होतं. दार उघडलं तर लंबकामागं पाल.

गावाला जाताना किंवा घर बदलताना लंबक काढून वेगळा कापडात गुंडाळा. लंबकासकट घड्याळ गाडीत टाकलं तर ती पातळ पट्टी तुटलीच म्हणून समजा.

कृष्णा-वारणाकाठच्या बायांसाठी पुराचं सांगायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत परत पूर आला. माणसं, जनावरं, कागद वाचवताना घड्याळ कोण बघणार, आणि बघूही नये. पण पाणी उतरल्यावर घरी आलात आणि घड्याळ चिखलात सापडलं तर किल्ली देऊ नका, चालू करून बघू नका. चिखलाचे कण दात्यांत बसलेले असतात, चालवलं की यंत्र खातात. दार उघडून स्वच्छ पाण्यानं चिखल हळू धुऊन काढा, पाणी निथळू द्या, पेटी सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात ठेवलीत तर सरस सुटतो आणि लाकूड उकलतं. पेटीतून यंत्र काढता येत असेल तर घड्याळजींना आणून काढून घ्या आणि शक्य तितक्या लवकर त्यांच्या ताब्यात द्या, कारण पोलादाला दोन दिवसांत गंज धरतो. पितळेची चाकं टिकतात, गंज लागतो तो स्प्रिंगला आणि आसांना. पूररेषेत घर असेल तर घड्याळ जरा उंच टांगा, आणि किल्ली व लंबकाचा सुटा गोळा असेल तर तो, दोन्ही कागदपत्रांच्या पिशवीत टाका. पेटी सुताराकडून नवी करून घेता येते. जुन्या मापाची किल्ली शोधायला मात्र फार फिरावं लागतं.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी तुम्ही ऐकली असेल. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. तसं आपल्या वाडीत करावं असं एका गटानं कळवलंय. भोंग्याला पैसे नाहीत, पण समाजमंदिरात जुनं टोल्यांचं घड्याळ आहे, ते चालेल का, असं त्यांनी विचारलंय. चालेल. वाडी लहान असेल तर सातचे टोले दार उघडं ठेवून शेजारच्या घरांपर्यंत ऐकू जातील, आणि लांबच्या घरांसाठी एका पोरानं थाळी वाजवत फिरावं. मात्र आधी लंबक जुळवून घ्या आणि किल्ली कोण देणार त्या दोघींची नावं बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. एक आजारी पडली तर दुसरी हवी.

घड्याळाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर गटाच्या ताईंकडं लिहून द्या. तबकडीवरचं नाव आणि आवाज कसा येतो तेवढं नक्की लिहा. नमस्कार.